फेरफारावर कान ठेवणाऱ्या यंत्रणा

बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या नेपानगर तहसिलीत कुणी शेत विकत घेतले, रजिस्ट्री झाली, पैसे दिले-घेतले गेले, की खरी पायपीट तिथून पुढे सुरू व्हायची. रजिस्ट्री एका खात्याची, नामांतरण दुसऱ्या खात्याचे. दस्ताची प्रत काढा, तहसिलीत अर्ज द्या, पटवाऱ्याचा अहवाल येईपर्यंत चकरा मारा. मग कधीतरी खसऱ्यावर, म्हणजे शेताच्या सरकारी नोंदीवर, नवे नाव चढायचे. मधल्या काळात शेत घेणाऱ्याचे आणि कागद विकणाऱ्याचा. एकाच जमिनीची दोनदा विक्री करणाऱ्यांचे सगळे कसब याच फटीवर चालत आले आहे.

मध्य प्रदेश सरकारने जून २०२२मध्ये दतिया आणि सीहोर या दोन जिल्ह्यांत ‘सायबर तहसील’ सुरू केली आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजी ती राज्याच्या सर्व ५५ जिल्ह्यांत लागू झाली. कल्पना सरळ आहे. रजिस्ट्री ‘संपदा’ या पोर्टलवर झाली की तिची खबर महसुली खटले हाताळणाऱ्या ‘आरसीएमएस’ या प्रणालीकडे आपोआप जाते, तिथे नामांतरणाचे प्रकरण आपोआप उभे राहते, पटवाऱ्याचा अहवाल ऑनलाइन मागवला जातो, हरकतींची मुदत सरली की आदेश निघतो आणि ‘भूलेख’मधली नोंद बदलते. खरेदीदाराने वेगळा अर्ज करायचा नाही. संपदा, भूलेख, सारा आणि आरसीएमएस अशा चार प्रणाली या कामासाठी एकमेकींना जोडल्या आहेत.

जमिनीचा विषय क्षणभर बाजूला ठेवला तर उरतो तो संगणकशास्त्रातला एक जुना आणि चिवट प्रश्न: एका डेटाबेसमध्ये काही बदलले, हे दुसऱ्या यंत्रणेला कळायचे कसे? वेळेवर, त्याच क्रमाने, काहीही न गाळता? बँकेत खात्यातली शिल्लक बदलते आणि एसएमएस पाठवणाऱ्या यंत्रणेला ते कळावे लागते. दुकानातला शेवटचा नग विकला जातो आणि शोधयादीतून ती वस्तू उतरावी लागते. गेल्या वीसेक वर्षांत या प्रश्नाचे एक उत्तर बाकीच्या उत्तरांपेक्षा बरेच पुढे गेले आहे. डेटाबेस स्वतःची दुसरी प्रत चालवण्यासाठी बदलांची जी नोंद ठेवतो, ती रेप्लिकेशनची नोंदच बाकीच्यांनी ऐकावी, हे ते उत्तर. त्या उत्तराचा, आणि त्याबरोबर पदरात पडणाऱ्या जबाबदाऱ्यांचा, हा आढावा.

नेपानगर तसे कागदाचेच गाव. वर्तमानपत्राचा कागद बनवणारा देशातला पहिला कारखाना इथला. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. मधे काही वर्षे बंद पडलेली ही नेपा मिल २०२२च्या ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाली. इथून रेल्वेने बऱ्हाणपूर ओलांडले की जळगाव जिल्ह्यातला रावेर तालुका लागतो. केळीचा पट्टा दोन्हीकडे पसरलेला, सोयरिकी दोन्हीकडे. पण शेताचा कागद अलीकडे खसरा आणि पलीकडे सातबारा. अलीकडे पटवारी आणि नामांतरण, पलीकडे तलाठी आणि फेरफार. रावेरच्या बाजूलाही दुय्यम निबंधक कार्यालयाची ‘आय-सरिता’ आणि महसूल खात्याची ‘ई-फेरफार’ या प्रणाली जोडलेल्या आहेत. दस्त नोंदवला गेला की फेरफाराची नोंद तलाठ्याकडे पोहोचते.

हा फेरफार नीट पाहण्याजोगा आहे, कारण डेटाबेसवाल्यांना जे उमगायला बराच काळ लागला ते महसूल खात्याच्या नमुन्यांत आधीपासून बसलेले होते. सातबारा म्हणजे जमिनीची आजची स्थिती. गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, ही त्या स्थितीपर्यंत नेणाऱ्या बदलांची अनुक्रमांकाने लिहिलेली यादी. बदल आधी सहाव्या नमुन्यात लिहायचा, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकत नसेल तर मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची, आणि मगच तिचा अंमल सातबाऱ्यावर द्यायचा. सातबाऱ्यावरच्या नावाशेजारी कंसात फेरफाराचा क्रमांक असतो, म्हणजे हे नाव कोणत्या बदलाने इथे आले ते शोधता येते. हरकत आली तर प्रकरण ६-अ या तक्रारी नोंदवहीत जाते आणि तिथे निकाल लागेपर्यंत थांबते. बदलाची यादी मूळ आणि आजची स्थिती तिच्यातून निघालेली, ही शिस्त इथे कागदावरच होती.

डेटाबेसचा रोजचा वापरकर्ता मात्र फक्त सातबारा पाहतो. टेबलातली ओळ आज काय म्हणते तेवढेच त्याला दिसते. काल काय म्हणत होती ते पुसले गेलेले असते. म्हणूनच दुसऱ्या यंत्रणेला ‘काय बदलले’ हे सांगायची वेळ आली की बहुतेक ठिकाणी पहिला मार्ग निवडला जातो तो रात्रीच्या फाइलचा. दिवसभराचा व्यवहार संपला की सगळे टेबल फाइलमध्ये उतरवायचे आणि पलीकडे पाठवायचे. अनेक बँका आणि सरकारी कार्यालये आजही असेच चालतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण दिवस-अखेर हीच जिथे फार उशिराची वेळ ठरते, तिथे हा मार्ग तोकडा पडतो.

दुसरा मार्ग विचारत राहण्याचा. प्रत्येक ओळीत ‘शेवटचा बदल केव्हा’ असा रकाना ठेवायचा आणि दर मिनिटाला विचारायचे: मागच्या वेळेनंतर काय बदलले? हे इतके सोपे वाटते की बहुतेक तरुण अभियंते पहिल्या नोकरीत ते करून पाहतात. त्यातली एक चूक लगेच लक्षात येते: जी ओळ पुसली गेली ती उत्तरात येतच नाही, कारण ती आता नसतेच. दुसरी चूक महिनोन् महिने लपून राहते. समजा, एक व्यवहार दहा वाजता सुरू झाला, त्याने ओळीवर दहाची वेळ टाकली, पण तो पक्का झाला दहा वाजून पाच मिनिटांनी. विचारणारा दहा वाजून तीन मिनिटांनी येऊन गेला. पक्की न झालेली ओळ त्याला दिसली नाही, आणि पुढच्या खेपेला तो तीन मिनिटांनंतरचेच विचारणार. ती ओळ कायमची सुटली. कुठेही त्रुटीचा संदेश नाही. फक्त दोन यंत्रणांतले आकडे जुळत नाहीत आणि लेखा विभागातले कुणीतरी महिनाअखेरीस डोके धरून बसते.

तिसरा मार्ग ट्रिगरचा. टेबलात बदल झाला की डेटाबेसनेच त्याची नोंद दुसऱ्या टेबलात टाकायची. काही सुटत नाही, कारण दोन्ही लेखने एकाच व्यवहारात होतात. पोस्टग्रेस या डेटाबेसवरची स्लोनी ही जुनी प्रतकरण प्रणाली याच तत्त्वावर चाले. पण प्रत्येक लेखनामागे आणखी एक लेखन येते, वर्दळीच्या टेबलांवर त्याचा भार जाणवतो, आणि ट्रिगर कुणी लिहिला, तो नेमके काय करतो, हे दोन-तीन वर्षांनी कुणाला आठवत नाही.

चौथा मार्ग पुष्कळ ठिकाणी वापरला जातो आणि सर्वात जास्त फसवतो. प्रोग्रामनेच दोन्हीकडे लिहायचे: आधी डेटाबेसात, मग शोधयंत्रणेत किंवा संदेशांच्या रांगेत. पहिले लेखन झाले आणि दुसऱ्याआधी वीज गेली, तर? दोन वापरकर्त्यांनी एकाच वेळी एकच ओळ बदलली आणि डेटाबेसात क-नंतर-ख, पण शोधयंत्रणेत ख-नंतर-क असा क्रम लागला, तर? या दुसऱ्या प्रकारात तर काहीही बंद पडलेले नसते. दोन्ही ठिकाणी ‘यशस्वी’ असे उत्तर आलेले असते, आणि तरी दोन्हीकडे वेगवेगळे सत्य साठलेले असते. दोन टप्प्यांत एकत्र शिक्कामोर्तब करण्याचे तंत्र यावर उपाय म्हणून आहे, पण त्यात सामील असलेली एकही यंत्रणा आजारी पडली तर बाकीच्या ताटकळतात. शिवाय आजच्या अनेक शोधयंत्रणांना आणि रांगांना ते जमतच नाही.

आता गंमत अशी की ज्या यादीसाठी हा सगळा आटापिटा चालतो, ती डेटाबेसपाशी पहिल्यापासून होतीच. वीज गेली तरी पक्का झालेला व्यवहार हरवू नये म्हणून जवळजवळ प्रत्येक गंभीर डेटाबेस एक नियम पाळतो: बदल आधी लॉगमध्ये लिहायचा, तो लॉग डिस्कवर पक्का करायचा, आणि मूळ टेबलाची पाने सवडीने बदलायची. या शिस्तीचे जे रूप पाठ्यपुस्तकांत शिकवले जाते ते ‘एरिज’ या नावाने ओळखले जाते. आयबीएममध्ये काम केलेले सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा त्यावरचा शोधनिबंध १९९२चा. हे मोहन आयआयटी मद्रासचे. पुढे दुसऱ्या यंत्रावर जिवंत प्रत ठेवण्याची गरज आली तेव्हा सोय तयारच होती. तो लॉग दुसरीकडे पाठवायचा आणि तिथे तोच क्रम पुन्हा चालवायचा. याचेच नाव रेप्लिकेशन.

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ही सोय २०००च्या सुमारास आली, थोड्या वेगळ्या घडणीने. त्यात साठवणुकीच्या इंजिनाचा स्वतःचा लॉग वेगळा आणि रेप्लिकेशनचा ‘बिनलॉग’ वेगळा. दोन वह्या ठेवल्या की त्या आपापसांत जुळत्या ठेवण्याचे काम आलेच, आणि त्यासाठी मायएसक्यूएलला आतल्या आत दोन टप्प्यांचे शिक्कामोर्तब करावे लागते. सुरुवातीच्या बिनलॉगमध्ये एसक्यूएलची आज्ञाच जशीच्या तशी लिहिली जाई. ‘केळीच्या सर्व वाणांचे दर पाच टक्क्यांनी वाढव’ अशी आज्ञा दुसऱ्या मायएसक्यूएलला पुरते. तो ती पुन्हा चालवतो. (तिथेही क्रम न सांगता ‘पहिल्या दहा ओळी बदल’ अशी आज्ञा दिली तर दोन यंत्रांवर वेगळ्या दहा ओळी बदलू शकतात.) पण बाहेरच्या ऐकणाऱ्याला त्या वाक्यातून काय समजणार? कोणत्या ओळी, आधी किती, नंतर किती? २००८मध्ये आलेल्या ५.१ आवृत्तीने आज्ञेऐवजी प्रत्यक्ष बदललेल्या ओळी लिहिण्याची सोय दिली, आणि २०१५च्या ५.७पासून तीच नेहमीची पद्धत झाली. बाहेरून ऐकण्याचा धंदा खरा फोफावला तो यानंतर.

ऐकण्याची युक्ती मोठी मिश्कील आहे. ऐकणारा प्रोग्राम मायएसक्यूएलकडे जातो आणि ‘मी तुझी प्रत आहे’ असे सांगतो. रेप्लिकेशनचा अधिकार असलेल्या खात्याने तो आत शिरतो, आपला एक सर्व्हर क्रमांक देतो आणि म्हणतो, अमुक फाइलच्या अमुक जागेपासून पुढचे पाठव. त्यानंतर घटना ओघाने येत राहतात: हे टेबल, या नव्या ओळी, या ओळींचे जुने रूप आणि नवे रूप, या पुसलेल्या ओळी, आणि शेवटी, हा व्यवहार पक्का. मूळ डेटाबेसला समोरचा खरा मायएसक्यूएल आहे की चारशे ओळींचा पायथन प्रोग्राम, याच्याशी देणेघेणे नसते. जावा, पायथन आणि इतर भाषांत हे काम करणारी मुक्त ग्रंथालये एकेकट्या प्रोग्रामरांनी लिहिली आणि पुढे मोठमोठ्या कंपन्यांची साधने त्यांच्यावर उभी राहिली. अलिबाबाने ‘कॅनल’ केले, झेनडेस्कने ‘मॅक्सवेल’. एक बारकावा मात्र नवख्याला हमखास नडतो. दोन ऐकणाऱ्यांनी एकच सर्व्हर क्रमांक दिला तर मायएसक्यूएल नवा आला की जुन्याला हाकलतो, जुना पुन्हा जोडून घेतो आणि नव्याला हाकलतो, आणि चाचणीच्या यंत्रावर कुणीतरी तोच प्रोग्राम चालू ठेवला आहे हे कळेपर्यंत दोघांचा असा खेळ चालतो.

कल्पना मुळात नवी नव्हती. १९९५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निघालेली गोल्डनगेट ही कंपनी टँडेमच्या यंत्रांवर चालणाऱ्या एटीएम जाळ्यांसाठी लॉग वाचून बदल दुसरीकडे नेण्याचेच काम करत होती. २००९मध्ये ओरॅकलने ती विकत घेतली. पण ते साधन महागडे आणि मोठ्या बँकांच्या आवाक्यातले. सर्वसामान्य प्रोग्रामरच्या हाती हा विचार आला तो लिंक्डइनमधून, आणि त्या गोष्टीत पुण्याचा एक धागा आहे.

लिंक्डइनमध्ये सभासदांची माहिती ओरॅकलमध्ये असे आणि ती शोध, शिफारशी, संबंधांचे जाळे अशा अनेक यंत्रणांना लागे. त्यासाठी त्यांनी ‘डेटाबस’ बनवले. २०१२मध्ये त्यावर शोधनिबंध आला. त्याच कंपनीत जे क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जुन राव यांनी काफ्का उभारले आणि २०११मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. नेहा नारखेडे पुण्याच्या. पीआयसीटीमधून संगणक अभियांत्रिकी करून त्या अमेरिकेत जॉर्जिया टेकला गेल्या. काफ्काचा गाभा म्हणजे एक लॉगच आहे: शेवटी जोडत जायचे, मधे बदलायचे नाही, आणि प्रत्येक वाचकाने आपण कुठवर वाचले ते स्वतः लक्षात ठेवायचे. वाचक एक असो की पन्नास, लिहिणाऱ्याला फरक पडत नाही. डेटाबेसच्या आत दडलेली वही एकदा काफ्कावर आणली की मूळ डेटाबेसला त्रास न देता ती कितीही जणांना वाचता येते. २०१४मध्ये या तिघांनी कॉन्फ्लुएंट ही कंपनी काढली आणि २०२१मध्ये ती अमेरिकी शेअर बाजारात उतरली.

पोस्टग्रेसने ही दारे अधिक सलीकेने उघडली. २०१४च्या ९.४ आवृत्तीत आतल्या लॉगचे ओळींच्या बदलांत रूपांतर करण्याची अधिकृत सोय आली, आणि २०१७च्या १०व्या आवृत्तीत तिच्यावरचे रेप्लिकेशन अंगभूत झाले. इथे प्रत बनून शिरण्याचे सोंग करावे लागत नाही. ऐकणाऱ्यासाठी ‘स्लॉट’ नावाची राखीव जागाच असते. मोंगोडीबीत लोक आधी प्रतींसाठीचा ‘ऑपलॉग’ चोरून वाचत, २०१७मध्ये ३.६ आवृत्तीने त्यासाठी रीतसर मार्ग दिला. आणि या सगळ्या डेटाबेसांच्या बोली एका भाषेत आणणारे ‘डेबेझियम’ रेड हॅटमध्ये २०१६च्या सुमारास आकाराला आले. रँडल हॉक यांनी ते सुरू केले, गनर मॉर्लिंग यांनी पुढे नेले, डिसेंबर २०१९मध्ये १.० आवृत्ती निघाली. आज नव्याने हे काम करणारा संघ बहुधा तिथूनच सुरुवात करतो, आणि बहुतेकांसाठी तो निर्णय योग्यच आहे. बिनलॉगचे बाइट स्वतः उलगडत बसण्याचा मोह शिकण्यापुरता ठीक.

इथवर वाचून असे वाटेल की प्रश्न सुटला. प्रत्यक्षात तो एका जागेवरून दुसऱ्या जागी हलला.

पहिली अडचण सुरुवातीचीच. लॉग हा अनादी नसतो, मायएसक्यूएल ८.० नेहमीच्या मांडणीत बिनलॉग ३० दिवस ठेवतो आणि मग टाकून देतो. दहा वर्षे चाललेल्या टेबलाचा इतिहास त्यात नसणारच. म्हणून आधी संपूर्ण टेबलाची एक प्रत घ्यायची आणि तिथून पुढे बदल ऐकायचे. पण प्रत घेता घेताही टेबल बदलत असते. पूर्वी यासाठी टेबलाला कुलूप लावून लॉगची जागा टिपून ठेवत. मोठ्या टेबलावर ते परवडत नाही. नेटफ्लिक्सने २०१९मध्ये ‘डीबीलॉग’ नावाने जी तोड मांडली ती या क्षेत्रातल्या सर्वात देखण्या युक्त्यांपैकी आहे. टेबल लहान लहान तुकड्यांत वाचायचे. प्रत्येक तुकडा वाचण्याआधी आणि वाचल्यानंतर डेटाबेसातल्याच एका छोट्या टेबलावर खूण करायची. त्या दोन्ही खुणा लॉगमध्ये उमटतात. लॉग वाचताना या दोन खुणांच्या मधे ज्या ओळींचे बदल दिसतील त्या ओळी तुकड्यातून काढून टाकायच्या, कारण त्यांचे ताजे रूप लॉगमधून येतेच आहे. कुलूप नाही, थांबणे नाही. डेबेझियमने पुढे हीच रीत उचलली.

दुसरी अडचण पुनरावृत्तीची. ऐकणारा घटना पुढे पाठवतो आणि मग ‘इथवर वाचले’ अशी नोंद करतो. या दोहोंच्या मधे तो कोसळला तर उठल्यावर तीच घटना पुन्हा पाठवतो. क्रम उलटा केला, म्हणजे आधी नोंद आणि मग पाठवणी, तर घटना हरवण्याची भीती. दोहोंपैकी पुनरावृत्ती पत्करणे शहाणपणाचे. म्हणून पलीकडच्या यंत्रणेने तीच घटना दोनदा आली तरी परिणाम एकदाच होईल अशी तयारी ठेवायला हवी. ‘शिल्लक ५००ने वाढव’ असे न लिहिता ‘शिल्लक आता ४५०० आहे, लॉगच्या अमुक जागेनुसार’ असे लिहायचे, आणि त्याहून जुन्या जागेची घटना आली तर दुर्लक्ष करायचे. सातबाऱ्यावरचा कंसातला फेरफार क्रमांक नेमके हेच काम करतो: हा अंमल दिला गेला आहे की नाही, ते नावाशेजारीच दिसते.

तिसरी अडचण टेबलाची घडणच बदलते तेव्हाची. मायएसक्यूएलच्या बिनलॉगमध्ये ओळीबरोबर रकान्यांची नावे नेहमी येत नाहीत. पहिला रकाना, दुसरा रकाना, एवढेच येते. नावे हवी असतील तर ८.०मध्ये आलेली एक खास मांडणी चालू करावी लागते. ती नसेल आणि कुणी मधे एक रकाना घुसवला, तर जुना लॉग वाचणारा पत्ता समजून फोन नंबर वाचू लागतो. त्यामुळे साधनांना घडणीचा इतिहासही वेगळा सांभाळावा लागतो.

सर्वात धोक्याची अडचण मात्र पोस्टग्रेसच्या त्या सलीकेदार स्लॉटची आहे. स्लॉट म्हणजे डेटाबेसने दिलेले वचन: तू वाचेपर्यंत हा लॉग मी टाकणार नाही. आता ऐकणारा प्रोग्राम शुक्रवारी संध्याकाळी बंद पडला आणि कुणी पाहिलेच नाही. डेटाबेस वचन पाळतो. लॉग साठत जातो, डिस्क भरत जाते, आणि सोमवारी सकाळी मुख्य डेटाबेसच बंद. अहवाल बनवणाऱ्या एका दुय्यम यंत्रणेच्या ढिलाईने ग्राहकांचे व्यवहार थांबतात. २०२०च्या १३व्या आवृत्तीने या वचनाला मर्यादा घालण्याची सोय दिली; ती ओलांडली तर स्लॉट निकामी होतो आणि ऐकणाऱ्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दोन्ही पर्याय कडू आहेत, पण निवड कोणती ते आधीच ठरवलेले बरे. आणि हा स्लॉट किती मागे पडला आहे याची घंटा वाजलीच पाहिजे. ती सोय नसेल तर ही वाट धरूच नये.

मुख्य यंत्र बदलते तेव्हा काय होते याचे सर्वात बोलके उदाहरण गिटहबचे आहे. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी देखभालीच्या कामात त्यांच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात स्वयंचलित व्यवस्थेने पश्चिम किनाऱ्यावरच्या मायएसक्यूएलला मुख्य केले. पण पूर्वेकडे काही लेखने अशी झाली होती जी पश्चिमेला पोहोचलीच नव्हती, आणि पश्चिमेने आता नवी लेखने घ्यायला सुरुवात केली होती. एका वहीच्या दोन वह्या झाल्या. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली. न पोहोचलेली लेखने नंतर पूर्वेकडच्या बिनलॉगांतूनच शोधावी लागली. त्यांच्या सर्वात गजबजलेल्या समूहांपैकी एकात अशी ९५४ लेखने निघाली. ज्यांनी ज्यांनी तो लॉग बाहेरून ऐकला असेल, त्यांच्याकडे कोणत्या वहीचे सत्य पोहोचले असेल, हा प्रश्न अशा प्रत्येक घटनेत उभा राहतो. प्रत्येक व्यवहाराला जगात एकमेव ठरेल असा क्रमांक देण्याची सोय मायएसक्यूएलने २०१३च्या ५.६ आवृत्तीत आणली ती अशा प्रसंगी जागा शोधता यावी म्हणून. पोस्टग्रेसमध्ये स्लॉट प्रतीवर आपोआप जुळता ठेवण्याची सोय यायला २०२४ची १७वी आवृत्ती उजाडली.

तंत्राच्या अडचणी एकीकडे. अर्थाची अडचण त्याहून खोल आहे. लॉग सांगतो की अमुक ओळीतले नाव बदलले. का बदलले ते सांगत नाही. विक्रीने? वारसाने? कोर्टाच्या हुकुमाने? की टंकलेखनाची चूक दुरुस्त झाली म्हणून? फेरफार नोंदवहीत यासाठी संपादन केलेल्या हक्काचे स्वरूप लिहायला वेगळा रकाना आहे, आणि वारसांच्या नोंदींसाठी ६-क ही वेगळी नोंदवहीच आहे. ओळीच्या बदलातून कारण ताडत बसणारे प्रोग्राम लिहिले की ऐकणारी प्रत्येक यंत्रणा मूळ टेबलांच्या अंतर्गत रचनेशी बांधली जाते. मग मूळ संघाने एक रकाना दोन टेबलांत विभागला तरी पलीकडच्या पाच संघांची रात्र जाते.

यावर जी तोड रूढ झाली तिला ‘आउटबॉक्स’ म्हणतात. मूळ प्रोग्रामने आपल्या टेबलात बदल करताना, त्याच व्यवहारात, एका खास टेबलात अर्थासकट घटना लिहायची: ‘विक्री नोंदवली, दस्त अमुक, घेणारा अमुक’. लॉग ऐकणाऱ्याने फक्त तेच टेबल ऐकायचे. व्यवहार एकच असल्यामुळे दोन लेखनांचा जुना घोळ होत नाही, आणि बाहेर जाते ती जाणीवपूर्वक लिहिलेली घटना. सायबर तहसिलीची मूळ कल्पनाही याच जातीची आहे: तिथे प्रकरण उभे राहते ते ‘दस्त नोंदवला गेला’ या घटनेवर, एखाद्या टेबलातला एखादा रकाना हलला म्हणून नव्हे. जिथे दोन वेगळी खाती किंवा दोन वेगळ्या कंपन्या जोडायच्या असतील तिथे कच्चा लॉग बाहेर देणे चूकच. तो घरातल्या घरात, म्हणजे त्याच संघाच्या शोधयादीसाठी, कॅशसाठी, अहवालांच्या कोठारासाठी ठेवावा.

गोपनीयतेचा मुद्दाही याच जागी येतो. मायएसक्यूएलमध्ये रेप्लिकेशनचा अधिकार टेबलवार देता येत नाही. ज्याला बिनलॉग मिळतो त्याला त्यातले सगळे मिळते, पगाराचे टेबलही आणि आधार क्रमांकाचेही. प्रोग्राम बाकीचे गाळतो म्हणतो, पण गाळण्याआधी ते त्याच्या हातात आलेले असते. शिवाय लॉगचा स्वभाव न पुसण्याचा, आणि २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने नागरिकाला आपली माहिती पुसायला सांगण्याचा अधिकार दिला आहे. मूळ टेबलातून ओळ पुसली, तिची घटना लॉगमधून सगळीकडे गेली, शोधयादीतून नाव उतरले. पण काफ्काच्या जुन्या भागांत आणि कोठारातल्या जुन्या फाइलींत ते पडूनच राहते. पाच ठिकाणी प्रती वाटणे सोपे झाले की पाच ठिकाणांहून त्या परत गोळा करण्याचे कामही आपले होते, हे करार लिहिताना कुणी बोलत नाही.

मग हे सगळे कुणी करावे? नेपानगरच्या बाजारात तीन दुकानांचा हिशेब एकत्र करायचा असेल, किंवा रावेरच्या एखाद्या केळी गटाला दिवसाची आवक-जावक पाहायची असेल, तर रात्रीची फाइल उत्तम. काफ्का, डेबेझियम आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारा माणूस यांचा खर्च त्या कामाला शोभत नाही. ओळी थोड्या, पुसणे होत नाही, पाच मिनिटांचा उशीर चालतो, अशा ठिकाणी विचारत राहण्याचा मार्गही पुरतो, फक्त दर खेपेला थोडे मागे जाऊन विचारावे म्हणजे उशिरा पक्के झालेले व्यवहार सुटत नाहीत. लॉग ऐकण्याचा खटाटोप सार्थ ठरतो तो जिथे बदल भरपूर आहेत, ऐकणारे अनेक आहेत आणि एकही बदल सुटला तर कुणाचे तरी नुकसान होते, तिथे. जमिनीची दप्तरे या तिन्ही कसोट्यांना उतरतात. खसऱ्यावर किंवा सातबाऱ्यावर आज बँकेचे कर्ज, पीक विमा, पीएम-किसानचा हप्ता, महाराष्ट्रात ई-पीक पाहणी, असे कितीतरी अवलंबून आहे.

त्याच दप्तरांत या तंत्राची हद्दही दिसते. सायबर तहसिलीची सुरुवात पूर्ण खसऱ्याच्या, म्हणजे सबंध शेत-क्रमांकाच्या, अविवादित विक्रीपासून झाली, आणि ती निवड तांत्रिकदृष्ट्या अगदी समजण्याजोगी आहे. सबंध खसरा विकला तर एका ओळीतले नाव बदलते. चार एकरांतला दीड एकर विकला तर बटांकन, म्हणजे क्रमांकाची फोड, करावे लागते, नवा क्रमांक पडतो, नकाशात तरमीम, म्हणजे दुरुस्ती, करावी लागते; महाराष्ट्रात पोटहिस्स्याची मोजणी आणि आकारफोड. दस्तात लिहिलेला दीड एकर बांधावर नेमका कुठून कुठे, हे संपदाच्या कोणत्याही टेबलात नाही. तेव्हा मोजणीदाराची तारीख लागते, शेजारच्या खातेदारांना नोटिसा जातात, आणि मोजणी होऊन तिची नोंद दप्तरात चढेपर्यंत ऐकणाऱ्या यंत्रणांना पुढे पाठवण्यासारखे काहीच नसते.